घर नसलेले चार सूर

जुन्या हिंदी सिनेमात खलनायक जिना उतरू लागला, की मागून वाद्यांचा एक थरथरता आवाज येतो. आता काहीतरी वाईट घडणार, हे डोळे मिटून बसलेल्यालाही कळते. हे काम अनेकदा चार सुरांचा एक गुच्छ करत असतो. गिटार वाजवणारी मुले त्याला डिमिनिश्ड कॉर्ड म्हणतात. घाईत नुसते ‘डिम’. मूकपटांच्या काळात थिएटरातले पियानोवादकही खलनायक आला की हीच कॉर्ड वाजवत.

आपल्या सरगमीत सांगायचे तर हे सूर म्हणजे षड्ज, कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि शुद्ध धैवत. सप्तकाच्या बारा पायऱ्यांवर तीन-तीन पायऱ्यांनी चढत गेलो की हे चार सूर लागतात आणि पुढचे पाऊल वरच्या षड्जावर पडते. सगळी अंतरे सारखी, त्यामुळे यातला मुख्य सूर कोणता हे कानाला ठरवता येत नाही. गिटारवर ही गंमत डोळ्यांना दिसते. बोटांची ठेवण तशीच ठेवून हात तीन फ्रेट वर सरकवा. तेच चार सूर जागा बदलून पुन्हा वाजतात. म्हणून बारा सुरांत अशा कॉर्ड तीनच. मात्र चौघांपैकी कोणताही एक सूर एक पायरी खाली उतरवला, की दर वेळी वेगळ्याच मुक्कामाची वाट उघडते. आमच्या मनोरहून मुंबई, अहमदाबाद, पालघर आणि वाडा अशा चार दिशांना रस्ते जातात. ही कॉर्ड तशीच आहे. तिथे कोणी मुक्काम करत नाही. तिथून कुठेतरी जायचे असते. शेराचा पहिला मिसरा ऐकून मैफल दुसऱ्याची वाट पाहते, तशी ती ऐकणाऱ्याला अधांतरी धरून ठेवते.

आपल्या संगीताचा स्वभाव याच्या उलट. आमच्या भागातल्या वारली पाड्यांवर तारपा वाजतो, तेव्हा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. रागातही षड्ज असाच मध्ये उभा असतो. मधुवंती घ्या. वर सांगितलेले चारही सूर तिच्यात आहेत, पण दुपार कलताना गायला जाणारा हा राग कुणाला भीती घालत नाही. तंबोऱ्याचा षड्ज पाठीशी असतो, म्हणून तेच सूर तिथे आर्जवी होतात. भीती सुरांत नसते. आधार सुटला की वाटते.

पण ज्याला स्वतःचे घर नाही, त्याला कुठल्याही घरी जाता येते. एक पूर्ण आणि एक अर्धी पायरी आलटून-पालटून घेतली की या कॉर्डला जुळणारे आठ सुरांचे सप्तक, नव्हे अष्टकच, तयार होते. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकात ते वापरले. पुढे जॅझवाल्यांनी ते आपलेसे केले. जँगो राइनहार्ट या जिप्सी गिटारवादकाचा डावा हात 1928 च्या आगीत भाजला. उरलेल्या दोन धड बोटांनी तो हे सूर विजेसारखे वाजवी. ब्राझीलच्या व्हिला-लोबोस यांनी गिटारसाठी लिहिलेल्या पहिल्या अभ्यासरचनेत हीच ठेवण एकेक फ्रेट खाली घसरत येते. त्याच देशाच्या बोसा नोव्हा गाण्यांत ती दोन कॉर्डमधला हळुवार सांधा होते, तर 1984 नंतर स्वीडनच्या इंग्वे माल्मस्टीनने ती रॉकच्या गदारोळात नेली.

मुंबईत पाश्चात्त्य सुरावटींची ही विद्या मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या वादकांनी आणली. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवली जाई. ती मुले मोठी होऊन मुंबईला आली, धोबीतलावच्या ‘कुडां’त, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, राहिली. रात्री हॉटेलांत जॅझ, दिवसा स्टुडिओत सिनेमा. चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या ट्रम्पेटवादकाची साथ आपल्या सी. रामचंद्रांना 1951 च्या ‘अलबेला’त लाभली. शंकर-जयकिशन यांच्या चालींमागचा वाद्यमेळ सेबास्टियन डिसूझा लिहीत. चाल संगीतकाराची, पण तिच्याखाली कोणती कॉर्ड यावी, व्हायोलिन कुठे थबकावीत, हे कागदावर उतरवणारा हा अरेंजर. पडद्यावर त्याचे नाव आलेच, तर सहायक म्हणून.

मला या इतिहासातली हीच गोष्ट टोचते. गाणे आपल्याला कोण्या आडवाटेने घरी आणते ते आपण गुणगुणतो, पण ती वाट आखणाऱ्याचे नाव विचारत नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे असेच एक व्हायोलिनवादक आणि अरेंजर. त्यांनी 1958 साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय सुरांची सिंफनी वाजवून दाखवली होती. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव एका गाण्याला दिले. ते नाव देशभर गाजले, लग्नाच्या वरातींत वाजले. 2012 साली गोन्साल्विस गेले, तेव्हा वर्तमानपत्रांतल्या बातम्या वाचून अनेकांना पहिल्यांदाच कळले, की त्या नावाचा माणूस खरोखर होता.