नराणी ते नेल टेक्निशियन : माजिवडा परिसरातील नखप्रसाधन व्यवसायाच्या प्रवेशमार्गाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर मार्ग आणि मुंबई-नाशिक महामार्ग यांना जोडणारा माजिवडा हा ठाणे शहराचा एक प्रमुख नाका होय. गेल्या दोन दशकांत या परिसरात निवासी संकुलांबरोबर ब्यूटी पार्लर आणि सलून यांचीही वाढ झाली. नखांवर जेल चढविणे, कृत्रिम नखे बसविणे, नक्षी काढणे ही कामे करणारी ‘नेल टेक्निशियन’ ही या वाढीतून पुढे आलेली नवी श्रमिक आहे. अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र हाती घेतलेल्या तरुणीचा पहिला पगार कोण ठरवितो व कोणत्या आधारावर ठरवितो, हा प्रश्न वरकरणी आजचा वाटतो. परंतु त्याची मुळे इतिहासात आहेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे.

बलुते आणि नराणी

नखे काढणे हे महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत न्हाव्याचे काम होते. त्याच्या धोकटीत वस्तरा व कातर यांच्यासोबत नखे काढण्याची नराणी असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या हक्कांचे व कामांचे तपशीलवार वर्णन आले आहे. सुगीच्या वेळी मिळणारे धान्य हा न्हाव्याचा मोबदला होता. ही विद्या मुलगा घरातच शिकत असे. त्यामुळे शिकाऊ कारागिराची वेगळी मजुरी हा प्रश्नच उद्भवत नव्हता; कुटुंबाच्या बलुत्यातच त्याचे पोट भरत असे. या व्यवस्थेत उपजीविकेची हमी होती, परंतु व्यवसाय निवडण्याचे स्वातंत्र्य नव्हते. काम जातीने ठरत होते आणि त्याचा दर्जाही जातीनेच ठरत होता.

१८९० : दोन घटना

ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) हे भारतातील कामगार चळवळीचे आद्य प्रवर्तक मानले जातात. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनची स्थापना केली. १८९० या एकाच वर्षातील दोन घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. विधवांचे केशवपन करणार नाही, असा निर्धार मुंबईतील नाभिकांनी केला व त्यासाठी संप पुकारला. या संपामागे लोखंडे यांची प्रेरणा होती. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारच्या साप्ताहिक सुटीची मागणी मान्य केली. पहिल्या घटनेने प्रसाधनाच्या कामातही नकाराचा अधिकार असतो हे दाखवून दिले, तर दुसरीने विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे हे प्रस्थापित केले.

कारखान्यांचे ठाणे, सेवाव्यवसायांचे ठाणे

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेटसारख्या वसाहतींमुळे ठाण्याची औद्योगिक नगरी ही ओळख दृढ झाली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणापुढे एक मार्ग आखून दिला : प्रमाणपत्र, विद्यावेतनासह उमेदवारी आणि त्यानंतर नोकरी. सर्वांनाच कायम नोकरी मिळाली असे नाही. परंतु शिकण्याच्या काळातील श्रमांचेही मोल असते, हे तत्त्व कायद्याने मान्य केले.

पुढे चित्र पालटले. रेमंडची ठाण्यातील गिरणी २००९ मध्ये बंद झाली. महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या मात्र १९९१ मधील ८.०३ लाखांवरून २०११ मध्ये १८.४१ लाखांवर गेली. २०१३ मध्ये महामार्गालगत विवियाना मॉल सुरू झाला. रोजगाराचे केंद्र यंत्रशाळेकडून दुकान, मॉल व सलून यांकडे सरकले. या नव्या कामात स्त्रियांना मोठा वाव मिळाला. तथापि उमेदवारीचा जुना, आखलेला मार्ग त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

जागतिक संदर्भ

कृत्रिम नखांचे आजचे तंत्र दंतवैद्यकाशी निगडित आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात दंतचिकित्सेतील ॲक्रिलिक नखांसाठी वापरले जाऊ लागले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील निर्वासित छावणीत अभिनेत्री टिपी हेड्रन यांच्या पुढाकाराने वीस व्हिएतनामी स्त्रियांना नखप्रसाधनाचे प्रशिक्षण मिळाले. त्यांना राज्याचा परवाना मिळविण्यास आणि पुढे काम शोधण्यासही साहाय्य करण्यात आले. प्रशिक्षण, परवाना व रोजगार हे तिन्ही दुवे जोडले गेल्यामुळे एका संपूर्ण समाजाला उपजीविकेचे साधन लाभले. या व्यवसायाची दुसरी बाजू रसायनांची आहे. जेलमधील टीपीओ या घटकावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली. त्यामुळे वायुवीजन, मुखपट्टी व हातमोजे हा सौजन्याचा नव्हे, तर श्रमसुरक्षेचा विषय ठरतो.

प्रमाणपत्रानंतरचे वास्तव

राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ मध्ये अधिसूचित झाला. आज नखप्रसाधनाचे प्रशिक्षण कोणत्याही जातीच्या व्यक्तीला घेता येते, ही निःसंशय मोठी सामाजिक प्रगती आहे. परंतु पहिल्या नोकरीत नवशिक्या मुलीला अनेकदा विनावेतन ‘ट्रायल’, त्यानंतर अल्प पगार, कमिशन आणि ग्राहकाची टिप यांवर विसंबावे लागते. कृत्रिम नखांचा पूर्ण संच बसविण्यास सुरुवातीला बराच वेळ लागतो. साहजिकच दिवसाकाठी ग्राहक कमी होतात आणि कमिशनही घटते. हात बसेपर्यंतच्या मंद गतीचा सारा भार अशा रीतीने शिकणारीवरच पडतो.

कायद्याचे संरक्षणही येथे अपुरे आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार एकच नोकर असलेल्या दुकानातही साप्ताहिक सुटी बंधनकारक होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या अधिनियमाने कामाचे तास, सुटी व रजा यांविषयीच्या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या ठेवल्या. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसपर्यंत नेण्यास मान्यता दिली. दोन-चार खुर्च्यांचे पार्लर या कक्षेबाहेरच राहते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व रोजगारांना दिला असला, तरी केवळ कमिशनवर ‘स्वतंत्र’ म्हणून काम करणारी तरुणी कर्मचारी ठरते की नाही, हा वाद शिल्लक राहतो. ज्या शहरात लोखंडे जन्मले, त्याच शहरात रविवार हा पार्लरमधील सर्वाधिक गर्दीचा दिवस असतो, ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

निष्कर्ष

बलुतेदारीत उपजीविकेची हमी होती, निवड नव्हती. कारखान्यात संघर्षातून काही हमी व काही निवड मिळाली. नखप्रसाधनाच्या आजच्या व्यवसायात निवड आहे, परंतु हमी विरळ झाली आहे. हा इतिहासक्रम अटळ मानण्याचे कारण नाही. २०१९ मधील नियमदुरुस्तीनुसार चार कामगार असलेल्या आस्थापनेलाही विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवार स्वेच्छेने घेता येतो. कौशल्याधारित अभ्यासक्रम चालविणाऱ्या महाविद्यालयांनी परिसरातील सलूनशी असे करार केल्यास, तसेच विद्यार्थिनींना पगार, सुटी व कामाचे तास लेखी मागण्याची सवय लावल्यास, प्रमाणपत्र आणि पहिला पगार यांमधील तुटलेला दुवा सांधता येईल. नराणी धरणाऱ्या हाताला जातीच्या बंधनातून सोडविण्यास दीर्घ काळ लागला. त्या हाताच्या पहिल्या महिन्याच्या श्रमाचे मोल निश्चित करणे, हे त्या परिवर्तनाचे उर्वरित कार्य होय.