हातपंपाचा फ्लॅप

ट्रकखाली लावायचा बॉटल जॅक ज्याने हाताळला आहे, त्याला या यंत्रणेची अर्धी ओळख आधीच झालेली असते. दांडा खालीवर केला की बारीक दट्ट्या तेल पुढे ढकलतो, एकमार्गी झडप ते मागे येऊ देत नाही आणि जाड दट्ट्या हळूहळू वर चढतो. भार उतरवायचा तर स्क्रू सैल करायचा. लहान विमानाच्या पंखाची मागची कड, म्हणजे फ्लॅप, खाली झुकवायला काही विमानांत हीच जोडणी वापरली गेली. दांडा वैमानिकाच्या हाताशी, तिथून फरशीखालून मागे जाणारी तेलाची नळी आणि नळीच्या टोकाला सिलिंडर. या जोडणीला मोटर लागत नाही, बॅटरी लागत नाही, इंजिनावर बसवलेला पंपही लागत नाही.

बंदिस्त द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात मांडले. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये त्याच तत्त्वावर प्रेसचे पेटंट घेतले. आपल्या विदर्भात हा प्रेस विमानाच्या कितीतरी आधी आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पण फुगलेली रुई डब्यात भरून मुंबईला नेणे परवडणारे नव्हते. मग हिंगणघाट, वर्धा, नागपूर या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि दट्ट्याच्या दाबाने काय होते ते इथल्या शेतकऱ्याने रुईच्या गाठींत पाहिले. विमानातल्या सिलिंडरचे आजोळ म्हणायचे तर ते हेच.

फ्लॅपचा जन्म मात्र विमानाच्या घाईतून झाला. जुनी दोन पंखी विमाने मुळातच सावकाश उतरत. टायगर मॉथला फ्लॅप नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती. १९२०-३० च्या काळात पंख एकेरी झाले, अंग गुळगुळीत झाले, वेग वाढला आणि उतरतानाचा वेगही त्याबरोबर वाढला. ऑर्व्हिल राइट आणि जेम्स जेकब्ज यांनी १९२० च्या दशकात पंखाची फक्त खालची कातडी उघडणारा स्प्लिट फ्लॅप काढला. त्याच दशकात हार्लन फाउलरने मागे सरकून पंखाचे क्षेत्रफळच वाढवणारा फ्लॅप रचला. फ्लॅप उघडला की पंखाचा बाक वाढतो, उचल वाढते, रोधही वाढतो, आणि विमान कमी वेगात, जास्त तिरक्या वाटेने खाली येऊ शकते.

पण तो उघडायचा कोणी? ताशी १३० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे ८० किलो भरतो. वेग १६० झाला की तोच १२० च्या पुढे जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. छोट्या विमानात साधा लांब दांडा ओढून हे जमते. पायपर चेरोकीत १९६० च्या दशकापासून तोच दांडा आहे आणि मला तो मनापासून आवडतो: एका हिसक्यात फ्लॅप जागेवर, आणि हाताला हवेचा जोर थेट जाणवतो. मात्र केबिनमध्ये हात फिरायला जागा असते जेमतेम अर्धा मीटर. तेवढ्या एका ओढीत माणूस जितके काम करू शकतो, तितकाच मोठा फ्लॅप दांड्याने हलतो. फ्लॅप त्याहून मोठा झाला की तेच काम वाटून घ्यावे लागते. हातपंप ते हप्त्यांनी करून घेतो: चार-पाच, आठ-दहा हेलपाटे, आणि दरवेळी थोडे थोडे तेल.

ही युक्ती आधी मोठ्या विमानांत आली. डग्लसच्या डीसी-२ मध्ये चाके आणि फ्लॅप यांच्यासाठी सहवैमानिकाला पंप मारावा लागे. १७ डिसेंबर १९३५ ला उडालेल्या डीसी-३ मध्ये इंजिनावरच हायड्रॉलिक पंप आले, तरी हातपंप कॉकपिटमध्ये राहिला. इंजिनावरचे पंप निकामी झाले तर, किंवा जमिनीवर इंजिने बंद असताना दाब लागला तर, तोच आधार. याच डीसी-३ चा लष्करी अवतार म्हणजे डाकोटा, आणि डाकोटा म्हटले की नागपूरच्या सोनेगावची धावपट्टी आठवायलाच हवी. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमत, टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका नेमका उपयोग नागपूरला क्वचितच झाला असेल. या प्रत्येक डाकोटाच्या पंखाखाली स्प्लिट फ्लॅप होते, आणि ते तेलाच्या दाबानेच उघडत.

हलक्या विमानांत हातपंपाला खरा मान दिला तो कॅनडाने. डी हॅविलँड कॅनडाचे बीव्हर १६ ऑगस्ट १९४७ ला उडाले. तळ्यांत, बर्फावर, झाडांच्या फटीत उतरणाऱ्या वैमानिकांना विचारून ते आखले होते. त्याचे फ्लॅप मोठे, आणि त्यांच्याबरोबर एलेरॉनही, म्हणजे विमान कुशीवर झुकवणारी पंखाच्या टोकाकडची पातीही, खाली झुकतात. ते हलवायला एक निवडक दांडी, वर किंवा खाली, आणि आसनाशेजारी हातपंप. खाली न्यायलाही पंप, वर आणायलाही पंप. त्याचा थोरला भाऊ ऑटर भारतीय वायुसेनेत १९५० च्या दशकात आला. ४१ व्या स्क्वाड्रनने त्याचे नावच घेतले. दुसरे घराणे अमेरिकेतल्या मूनीचे. मूनी एम-२० च्या सुरुवातीच्या मॉडेलांत चाके साध्या दांड्याने वर ओढायची आणि फ्लॅप हातपंपाने उतरवायचे, म्हणजे एकाच केबिनमध्ये दोन्ही उत्तरे. वर नेताना मात्र पंप नाही: झडप सोडली की हवेच्या जोराने आणि स्प्रिंगने तेल परत फिरते, तेही अरुंद छिद्रातून, जाणूनबुजून सावकाश.

मग विजेची मोटर आली. सेसना १७२ ने १९६५ च्या मॉडेलपासून हातातला दांडा सोडला. नागपूर फ्लाइंग क्लबमधल्या सेसना १५२ वर शिकलेल्यांना फ्लॅप म्हणजे पॅनेलवरचा छोटा खटका, १०, २०, ३० अंश, एवढेच माहीत असते. गोंदियाजवळच्या बिरसीत डायमंड विमानांवर शिकणाऱ्यांचेही तेच. मोटर स्वस्त पडते, केबिनमधली जागा मोकळी होते, आणि मोटरने फिरणारा स्क्रू-जॅक तेलासारखा गळत नाही. हे फायदे खरे आहेत. हातपंप मागे पडला त्याला कारण आहे.

तरीही आज कोणी हलके विमान स्वतः बांधत असेल, तर हातपंपाचा विचार करावाच असे मला वाटते. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि ते २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिले. तेव्हापासून हा प्रश्न आपल्याकडे नुसता कागदी राहिलेला नाही. पहिला पर्याय फ्लॅपच नको हा. एचएएलचे पुष्पक हे ९० अश्वशक्तीचे, कापडी पंखांचे विमान. देशभरातल्या क्लबांतल्या कितीतरी वैमानिकांनी फ्लॅपविना त्यावर धडे गिरवले. दोन आसनी, हलके विमान असेल तर साधा दांडा घ्यावा. चार आसने, मोठे फ्लॅप आणि लहान धावपट्टी असेल, आणि विजेची सगळी भिस्त एका अल्टरनेटरवर ठेवायची नसेल, तर हातपंप.

आणि घ्यायचाच तर एका गोष्टीत तडजोड नको. प्रत्येक पंखात वेगळा सिलिंडर बसवून दोन्ही एकाच नळीला जोडायचे नाहीत. तेल नेहमी कमी अडथळ्याच्या बाजूला धावते. एक फ्लॅप उतरतो, दुसरा मागे राहतो आणि जमिनीलगत विमान एका कुशीवर वळते. योग्य रचना अशी: मध्ये एकच सिलिंडर, त्याने फिरणारी आडवी टॉर्क ट्यूब, आणि तिच्या दोन टोकांवरून दोन्ही फ्लॅपना जाणारे दांडे. एक हलला की दुसऱ्याला हलावेच लागते.

नागपूरचा उन्हाळा या निवडीत वेगळा हिशोब मागतो. विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे. मे महिन्यात ४५ अंशांना तिथली हवा इतकी विरळ होते की विमानाला ती सुमारे ५,००० फुटांवर असल्यासारखी वाटते. इंजिन दमते, उतरणे फसले तर वर चढायला जोर कमी. अशा वेळी पूर्ण उघडे फ्लॅप एकदम बंद केले तर विमान बसते. म्हणून तेलाच्या परतीच्या वाटेवरचे ते अरुंद छिद्र हौसेचा भाग नाही. फ्लॅप पूर्ण उतरल्यापासून पूर्ण वर जाईपर्यंत काही सेकंद लागलेच पाहिजेत, आणि मध्ये कुठेही थांबवता आले पाहिजेत.

तापलेल्या हँगरचा दुसरा त्रास तेलाचा. दोन झडपांमध्ये अडकलेले तेल उन्हात फुगते आणि जायला जागा नसेल तर सील फोडते. त्यासाठी जादा दाब सोडणारी वेगळी झडप हवी. तेल विमानाचेच, लाल रंगाचे खनिज तेल, आणि त्याला साजेशी नायट्राइल रबराची ओ-रिंग. गॅरेजमधले मोटारीचे ब्रेक ऑइल रासायनिक जातीने वेगळे असते. ते नायट्राइल सीलला फुगवून मऊ करते, आणि सील गेले की फ्लॅप हवेत आपोआप वर सरकू लागतो.

यंत्रणा बसवून झाल्यावर नळीतली हवा पूर्ण काढावी. पहिल्याच हेलपाट्याला दांडा घट्ट लागला पाहिजे, स्पंजासारखा दबता कामा नये. मग फ्लॅपवर अंदाजाने नव्हे, हिशोबाने काढलेला हवेचा भार वाळूच्या पिशव्यांनी लटकवावा. फ्लॅप खालून वर ढकलला जात असल्याने विमानाचा पंख उलटा टांगून किंवा कप्पीवरून दोरी नेऊन भार द्यावा लागतो. पूर्ण उतरवलेल्या स्थितीत टॉर्क ट्यूबवर आणि शेजारच्या चौकटीवर पेन्सिलने एकच रेघ ओढावी आणि मे महिन्यातली एक अख्खी दुपार तसेच राहू द्यावे. संध्याकाळी रेघ तुटलेली दिसली तर आधी झडपेतला कचरा पाहावा, मग सील, आणि ते सापडेपर्यंत विमान उडवू नये.