कोयत्याचा मोबदला

ज्या जिल्ह्याच्या मुख्य ठाण्याला २०२५ सालापर्यंत रेल्वे लाभली नाही, आणि जेथील लाखो मजुरांना दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टरांत संसार भरून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरावी लागते, त्या बीड जिल्ह्यात मोटार-अपघाताच्या नुकसानभरपाईचा इतिहास हा केवळ वकिलांच्या आस्थेचा विषय राहत नाही.

त्रयस्थाच्या इजेसाठी वाहनाचा विमा उतरविणे ब्रिटिश हिंदुस्थानात १ जुलै १९४६ पासून सक्तीचे झाले, तेव्हा बीड निजामाच्या अमलाखाली होते. पुढे मोटार वाहन कायद्याच्या १९५६ च्या दुरुस्तीने दिवाणी अदालतीचा लांबचा मार्ग टाळून खास दावा-न्यायाधिकरणे नेमण्याची तरतूद झाली, आणि त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. तथापि चालकाचा कसूर शाबीत करण्याचा भार जखमी इसमावरच होता. १९८२ साली प्रथमच कसुराची चौकशी न करता मृत्यूस १५,००० आणि कायम अपंगत्वास ७,५०० रुपये देण्याचे बंधन आले.

विमा कंपनी दावा पाहते तो दोन पायऱ्यांनी. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, चालकाचा परवाना आणि पॉलिसीच्या अटी यांवरून आपले दायित्व आहे की नाही, हे ती आधी ठरविते. मालवाहू वाहनात बसलेल्या प्रवाशाची जोखीम विमा कंपनीवर नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात दिल्यापासून तर ट्रॉलीतील मजूर हा प्रवासी की वाहनमालकाचा नोकर, या प्रश्नावरच पुष्कळ दाव्यांचे भवितव्य लोंबकळते. दायित्व टळत नाही असे दिसले, म्हणजे मग दवाखान्याचा खर्च, वेदना आणि बुडालेली कमाई यांची मोजदाद सुरू होते.

येथेच बीडच्या मजुराची खरी अडचण आहे; कारण त्याची कमाई मुकादमाच्या उचलीत आणि टनांच्या हिशेबात असते, पगारपत्रकात नसते, आणि नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने जखमी स्त्रीची मजुरी निराळी दाखविणे दुरापास्त होते. शिवाय डॉक्टरने एका अवयवाचे लिहिलेले शेकडा प्रमाण हीच कमाईतील घट समजण्याचा प्रघात होता. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निवाड्याने तो मोडला आणि त्या इसमाचा धंदा पाहूनच घट ठरवावी, असे सांगितले. समजा, चौतीस वर्षांच्या तोडकऱ्याची वार्षिक कमाई १,२०,००० रुपये धरली, तर त्या वयासाठी ठरलेल्या १६ या गुणकाने, म्हणजे वार्षिक घटीच्या तितक्या पटीने, शेकडा २० घटीचे ३,८४,००० होतात. परंतु उजव्या हाताची मूठ वळत नसल्याने कोयताच सुटला आणि घट शेकडा ८० मानली, तर तीच रक्कम १५,३६,००० वर जाते. कारकुनाची बोटे आणि तोडकऱ्याची बोटे वैद्यकाला सारखी असली, तरी न्यायाला ती सारखी नसावीत, हे मान्य होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

मुदतीचा इतिहास मात्र उलट्या दिशेने वळला आहे. १९९४ साली काढून टाकलेली दाव्याची कालमर्यादा २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची म्हणून परत आली. आणि उसाचा गळीत हंगामही जवळजवळ तेवढाच चालत असल्याने, हंगामाच्या आरंभी परमुलखात जखमी झालेला मजूर कागद गोळा करावयास गावी परतेपर्यंत ती बहुतांशी सरलेली असते.