आधी कुत्रा, मग आपण

मंडळी, गेल्या वर्षी माझ्या छातीत पेसमेकर बसला, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहेच. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले, "सर, हल्ली हे कुत्र्यांनाही बसवतात." मास्तरकीची खोड जाते कुठे? घरी येऊन वाचत बसलो आणि लक्षात आले की क्रम उलटा आहे. आधी कुत्रा, मग आपण.

७ मे १९५८ रोजी अमेरिकेतल्या बफेलो शहरात विल्सन ग्रेटबॅच या इंजिनिअरने बनवलेले यंत्र एका कुत्र्याच्या हृदयाला जोडले गेले. हृदय यंत्राच्या तालावर चालू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसला; ते २००१ पर्यंत जगले. कुत्र्याची पाळी, तीही रुग्ण म्हणून, आली १९६७ साली, फिलाडेल्फियात.

कुत्र्याला पेसमेकर बसवताना तार सहसा मानेच्या शिरेतून हृदयात सोडतात. रक्ताला परकी वस्तू खपत नाही. कधी कधी तारेभोवती गुठळी धरते. शीर तुंबली की कुत्र्याचे तोंड आणि मान सुजते. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर जिवावर बेतते. गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिन हे औषध देतात.

या हेपॅरिनचा शोधही तसाच. १९१६ साली बाल्टिमोरला जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारे द्रव्य शोधत होता. हाती लागले न गोठू देणारे. कशातून? कुत्र्याच्या यकृतातून! 'हेपॅरिन' हे नावही यकृताच्या ग्रीक शब्दावरूनच पडले.

'कुत्र्याच्या मौतीने मरणे' हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षे शिकवला, वाक्यात उपयोग करायला लावला. आता तो उच्चारताना जीभ अडखळते. ज्या कुत्र्यांना कोणी विचारले नाही, त्यांच्या मरणावर माझे हे जगणे उभे आहे.

अमेरिकेत माणसाच्या मृत्यूनंतर काढलेले पेसमेकर कुत्र्यांना बसवले गेले आहेत. आपल्याकडे दहनापूर्वी पेसमेकर काढावाच लागतो, नाहीतर तो चितेत फुटतो. तेव्हा मुलांनो, हे वाचत असालच. माझा काढाल तेव्हा फेकून देऊ नका. एखाद्या कुत्र्याच्या कामी येतो का, एवढे विचारून बघा. ऋण फिटणार नाही, पण निदान व्याज तरी दिल्यासारखे होईल.