मानसशास्त्रीय संशोधनपद्धती

मन आणि वर्तन यांविषयीची विधाने निरीक्षण, मोजमाप व प्रयोग यांच्या आधारे तपासण्याच्या रीती. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून मानसशास्त्राची गणना स्वतंत्र विज्ञानात होऊ लागली. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये या विषयाचा विभाग काढला. या शास्त्राची एक अडचण मात्र जन्मजात आहे. ज्याचा अभ्यास करायचा तेही मन आणि अभ्यास करणारेही मनच. आपल्याला मोजले जात आहे हे दगडाला कळत नाही. माणसाला कळते, आणि कधीकधी घोड्यालाही.

घोडा येथे अलंकारासाठी आलेला नाही. बर्लिनमधील निवृत्त शिक्षक विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा विसाव्या शतकाच्या आरंभी बेरजा-वजाबाक्या करी, तारीख सांगे, घड्याळ ओळखे. उत्तर म्हणून तो तितक्या वेळा पुढचा खूर आपटी. फॉन ओस्टेन प्रेक्षकांकडून पैसे घेत नसत, त्यामुळे लबाडीचा संशय टिकत नव्हता. १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या नेतृत्वाखाली १३ जणांच्या समितीने तपासणी केली. सर्कसवाले, प्राणिसंग्रहालयाचे संचालक अशी जाणती मंडळी तीत होती. फसवणूक आढळली नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला, आणि तो खराच होता. चुकला होता तो त्यांचा प्रश्न.

श्टुम्फ यांचे सहायक ओस्कार फुंग्स्ट यांनी वेगळे विचारले : प्रश्नकर्त्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर घोडा काय करील? त्यांनी आकड्यांची पत्रे अशी धरवली की आकडा फक्त घोड्याला दिसावा. एक संख्या फॉन ओस्टेन यांनी घोड्याच्या कानात सांगायची, दुसरी फुंग्स्ट यांनी, आणि बेरीज घोड्याने करायची, असाही खेळ लावला. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असताना बहुतेक वेळा बरोबर उत्तर देणारा हान्स आता दहातून एखादे उत्तरही धड देईना. प्रश्नकर्ता दिसू नये म्हणून डोळ्यांना झापड लावली, तेव्हाही तो गडबडला. उलगडा असा झाला : प्रश्न विचारून माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित वाके, आणि आपटणे सुरू होई, अपेक्षित संख्या आली की त्याची मान नकळत जराशी वर होई, आणि आपटणे थांबे. घोड्याला गणित येत नव्हते, माणूस वाचता येत होता. हेही लहान कौशल्य नव्हे.

नंदीबैल मान डोलावतो तेव्हा इशारा कोणाचा, हे गावातल्या पोरांनाही ठाऊक असते. नंदीवाल्याला तर असतेच. बर्लिनमध्ये इशारा देणाऱ्यालाच त्याचा पत्ता नव्हता. पुढे फुंग्स्ट यांनी प्रयोगशाळेत स्वतः घोड्याची भूमिका घेतली. समोर आलेल्या २५ जणांपैकी २३ जणांनी तीच नकळत हालचाल केली. फॉन ओस्टेन यांनी हा निष्कर्ष कधी मानला नाही. १९०९ मध्ये ते वारले.

प्रयोगाची सारी परिभाषा हान्सच्या या गोष्टीत सापडते. ‘घोडा विचार करतो’ हा तपासता येईल असा अंदाज, म्हणजे अभ्युपगम. प्रश्नकर्त्याला उत्तर ठाऊक असणे किंवा नसणे हा संशोधकाने बदललेला घटक स्वतंत्र चल. बरोबर उत्तरांचे प्रमाण हा परतंत्र चल. बाकी परिस्थिती जशीच्या तशी ठेवणे म्हणजे नियंत्रण. अंदाज खोटा ठरण्याची वाट खुली ठेवणे हे यातले मर्म. कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये विज्ञान ओळखण्याची खूण म्हणून हेच खंडनक्षमतेचे तत्त्व मांडले.

संशोधकाची अपेक्षा निकालात झिरपते, हे रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९६३ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून दाखवले. १२ विद्यार्थ्यांना सारखेच उंदीर दिले. काहींना ते हुशार जातीचे, काहींना मठ्ठ जातीचे सांगितले. ‘हुशार’ उंदीर खरोखरच चक्रव्यूहात सरस ठरले. म्हणूनच कोण कोणत्या गटात आहे हे सहभागी व्यक्तीला आणि तपासणाऱ्याला, दोघांनाही कळू न देणारी दुहेरी अंधपद्धती रूढ झाली.

सर्वच प्रश्न प्रयोगात बसत नाहीत. तेथे निरीक्षण, सर्वेक्षण, व्यक्ती-अभ्यास किंवा मानसिक चाचण्या वापरतात. परदेशी चाचणी नुसती भाषांतरित करून भागत नाही, येथील मुलांवर तिचे प्रमाणीकरण करावे लागते, धारवाडच्या वि. वि. कामत यांनी बिने बुद्धिमत्ता चाचणीचे कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी केलेले रूपांतर हे याचे जुने उदाहरण. सहसंबंधाच्या अभ्यासात कारण ठरवण्याची घाई नडते. खासगी शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे गुण अधिक दिसले तरी श्रेय शिकवणीचे की फी भरू शकणाऱ्या घराचे, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

एका निकालावर विसंबू नये, हा धडा या शास्त्राला अलीकडे जड गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निकाल होते. पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. स्वतःची अशी झडती घेणे मानसशास्त्राला शोभले, असेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात अंधपद्धतीचा गाजलेला वापर मानसशास्त्राच्या सीमेवर, फलज्योतिषाच्या चाचणीत झाला. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष सांगणारे प्रकाश घाटपांडे यांनी ती पुण्यातून घेतली. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आले. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मपत्रिका सांकेतिक क्रमांक देऊन मिसळल्या, आणि कोणती कोणाची याची नोंद दूर बंदोबस्तात ठेवली. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगितले. यशासाठी २८ अचूक उत्तरांची अट होती; सर्वांत सरस ज्योतिषाची २४ आली. एका संस्थेने २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली.