शहाजहानाबाद : छायाचित्रांतील मोकळी जागा

दिल्लीच्या लाल किल्ल्याच्या तटाजवळून नैर्ऋत्येकडे पाहिले म्हणजे मोकळ्या मैदानापलीकडे जामा मशिदीचे घुमट आणि मिनार दिसतात. किल्ला आणि मशीद यांच्यामधील ही मोकळीक शहाजहानच्या नगररचनेचाच भाग असावी, दोन भव्य वास्तू एकमेकींना दुरून दिसाव्यात म्हणून ती हेतुपुरस्सर राखली गेली असावी, असे पाहणाऱ्यास सहज वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. इ.स. १८५७ पर्यंत या भागात बाजार, हवेल्या, कूचे आणि मशिदी यांची दाट वस्ती होती. त्या वर्षीच्या उठावानंतर इंग्रजी सत्तेने किल्ल्याच्या तटाभोवतीचा ४४८ यार्डांचा पट्टा मोकळा करण्याचे ठरविले. तोफांच्या माऱ्याला आडोसा राहू नये, हा त्यामागील हेतू होता. आज जे दृश्य मोगल राजधानीचे वैभव म्हणून दाखविले जाते, ते अशा रीतीने एका लष्करी पाडकामाचे शेष आहे.

या पाडकामाच्या काळातच दिल्लीची पहिली विपुल छायाचित्रे घेतली गेली. नष्ट झालेल्या शहराचा शोध घेणारा अभ्यासक साहजिकच त्यांच्याकडे वळतो. परंतु ही छायाचित्रे नाहीशा झालेल्या शहराची नोंद आहेत, की शहर नाहीसे होण्याच्या प्रक्रियेची, हा प्रश्न आधी विचारल्याशिवाय त्यांचा साधन म्हणून नीट उपयोग होत नाही.

सैन्यामागोमाग आलेला कॅमेरा

युरोपात १८३९ साली जाहीर झालेली छायाचित्रणाची कला लवकरच हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत १८५४ साली, तर कलकत्ता व मद्रास येथे १८५६ साली छायाचित्रण संस्था स्थापन झाल्या. मुंबईच्या संस्थेत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासदही होते. तेथे ही कला सुशिक्षित नागरिकांच्या जिज्ञासेतून रुजली. दिल्लीतील प्रारंभीचे छायाचित्रण मात्र प्रामुख्याने जेत्यांच्या वर्तुळातून झाले.

सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली इंग्रजांच्या हाती पडली. क्रिमियातील युद्धाची छायाचित्रे घेतलेला फेलिचे बिआतो १८५८ च्या आरंभी कलकत्त्यास उतरला आणि लखनौ, कानपूर, दिल्ली येथील लढायांच्या जागा टिपत फिरला. आग्र्याचे डॉ. जॉन मरे यांनीही त्याच सुमारास दिल्लीची चित्रे घेतली. बंगाल सैन्यातील अधिकारी रॉबर्ट टायटलर आणि वेढ्याच्या काळात टेकडीवरील छावणीत राहिलेली त्याची पत्नी हॅरिएट यांनी मरे व बिआतो यांच्याकडून ही कला शिकून घेतली आणि थोड्या महिन्यांत काहीशे चित्रे तयार केली.

विषयांची निवड या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. काश्मिरी दरवाजा, तटाला पडलेली खिंडारे, इंग्रज कुटुंब मारले गेले ती दिल्ली बँकेची इमारत, राजवाडा ही ठिकाणे इंग्रज वाचकाला वृत्तपत्रांतून आधीच परिचित झालेली होती. छायाचित्राने त्या परिचयाला पुराव्याचे रूप दिले. ज्या कूच्यात कोणतीही प्रसिद्ध घटना घडली नव्हती, तेथे कॅमेरा उभा करण्याचे कारण नव्हते. बिआतोने लखनौच्या सिकंदरबागेत घेतलेल्या प्रसिद्ध चित्रातील अस्थी चित्रासाठी मुद्दाम मांडल्या गेल्याचे अभ्यासक मानतात, कारण तेथील लढाई नोव्हेंबर १८५७ मधील आणि चित्र पुढील वर्षातले आहे. म्हणजेच या काळातील छायाचित्र हा डोळ्यांपुढील वास्तवाचा निरपेक्ष ठसा नव्हे. त्यामागे निवड आहे, आणि प्रसंगी मांडणीही आहे.

रिकाम्या रस्त्यांचा अर्थ

या चित्रांमधील रस्ते बहुधा निर्मनुष्य दिसतात. याचे एक कारण तांत्रिक आहे. मेणकागदावरील आणि काचपट्टीवरील तत्कालीन पद्धतींना काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत प्रकाश द्यावा लागे. त्या अवधीत चालणारा माणूस अस्पष्ट होई किंवा चित्रातून नाहीसाच होई. तेव्हा रिकामा रस्ता म्हणजे उजाड रस्ता, असे समीकरण मांडता येत नाही.

दुसरे कारण मात्र ऐतिहासिक आहे. दिल्ली जिंकल्यावर शहराचे रहिवासी मोठ्या प्रमाणावर बाहेर घालविले गेले. हिंदूंना १८५८ मध्ये परत येऊ देण्यात आले. मुसलमानांना त्यानंतर बऱ्याच काळाने आणि अटींवर प्रवेश मिळाला. जामा मशीद १८६२ साली परत केली गेली. फतेहपुरी मशीद लिलावात एका धनिक व्यापाऱ्याने विकत घेतली होती. ती १८७७ साली मुसलमानांना परत मिळाली. म्हणून १८५८ च्या चित्रातील रिकामेपणात दोन अभाव एकमेकांत मिसळलेले आहेत. एक कॅमेऱ्याच्या मर्यादेने निर्माण केलेला, दुसरा हुकुमाने. केवळ छायाचित्रावरून ते वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी लिखित साधनांची जोड आवश्यक ठरते.

जामा मशिदीवरून बिआतोने घेतलेली, एकमेकांस जोडून पाहावयाची चित्रमालिका या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. तिच्यात शहराची सपाट छपरे दूरवर पसरलेली दिसतात. पाडकाम एका दिवसात झाले नाही; ते टप्प्याटप्प्याने पुढे काही वर्षे चालले. त्यामुळे या चित्रातील प्रत्येक घराविषयी ते पाडण्यापूर्वीचे, पाडकामातले की वाचलेले, असा प्रश्न विचारावा लागतो. कित्येक घरांचे हेच अखेरचे चित्र असण्याचा संभव आहे. ते टिपणाऱ्याचा तो उद्देश नव्हता, तरीही या मालिकेचे मोल त्यातच आहे.

चौकटीबाहेरचे शहर

छायाचित्रांपूर्वीच्या साधनांशी तुलना केली म्हणजे हरवलेल्या वस्तीची रूपरेषा उभी राहू लागते. दिल्लीचा चित्रकार मझहर अली खान याने १८४६ साली किल्ल्याच्या लाहोरी दरवाजावरून दिसणारे चहूबाजूंचे दृश्य सुमारे पाच मीटर लांबीच्या चित्रात रंगविले. टॉमस मेटकाफ याने आपल्या मुलींसाठी तयार केलेल्या चित्रसंग्रहातही याच चित्रकाराचे काम आहे. १८४६–४७ च्या सुमारास तयार झालेल्या शहाजहानाबादच्या नकाशात रस्ते आणि मोहल्ले नावानिशी दाखविले आहेत. सय्यद अहमद खान यांचा ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ १८४७ साली प्रसिद्ध झाला. पुढील दहा-बारा वर्षांत यांतील कितीतरी इमारती राहणार नाहीत, याची यांपैकी कोणालाच कल्पना नव्हती.

या साधनांतून आणि मिर्झा गालिब यांच्या पत्रांतून काही नावे परत मिळतात. खास बाजार, खानम का बाजार, उर्दू बाजार आणि बुलाकी बेगम का कूचा ही त्यांतील प्रमुख होत. लॉर्ड एलेनबरोच्या काळात बांधलेला लाल दगडाचा तलाव, लाल डिग्गी, हाही याच भागात होता. गालिब बल्लीमारानमध्ये राहत. वस्ती रिकामी झाली त्या काळातही ते शहरातच होते. दूर गेलेल्या मित्रांना ते कोणता बाजार गेला, कोणत्या विहिरी बुजल्या, मशिदीपासून राजघाट दरवाजापर्यंतचा भाग कसा ओसाड झाला, हे कळवीत राहिले. छायाचित्रकाराने जे दृश्य उंचावरून पाहिले, तेच या पत्रांत रस्त्याच्या पातळीवरून दिसते. छायाचित्रात आकार आहे, पण नाव नाही. पत्रात नाव आहे, पण आकार नाही. शहराचा शोध या दोहोंच्या मधोमध घ्यावा लागतो.

अकबराबादी मशिदीचे उदाहरण बोलके आहे. शहाजहानच्या अकबराबादी महल या बेगमेने १६५० साली फैज बाजारात ही मशीद बांधविली. कुराणाचा उर्दू अनुवाद करणारे शाह अब्दुल कादिर तेथे राहत व शिकवीत. सय्यद अहमद खानांनी तिचे वर्णन केले आहे. १८५७ नंतर ती पाडली गेली. २०१२ साली मेट्रोमार्गाच्या कामाच्या निमित्ताने सुभाष पार्कच्या परिसरात जुन्या बांधकामाचे अवशेष आढळले, तेव्हा ते याच मशिदीचे असल्याचे प्रतिपादन झाले आणि त्यावरून वादही निर्माण झाला. दीडशे वर्षांपूर्वी पाडलेल्या इमारतीची जागा न्यायालय आणि पुरातत्त्व खाते यांच्यापुढील प्रश्न बनू शकते, ही गोष्ट जुन्या साधनांचे वर्तमान महत्त्व स्पष्ट करते.

घरे गेली त्यांच्या मालकांना भरपाईच्या हक्काची तिकिटे देण्यात आली. जप्त केलेल्या मालमत्तेच्या लिलावात ती वापरता येत. गरजू मालकांनी ती पडत्या भावाने विकली आणि पैसा असलेल्यांनी ती गोळा केली. पाडकामामुळे केवळ इमारती गेल्या नाहीत, शहराची मालकीही बदलली. या बदलाचे एकही छायाचित्र नाही, कारण तो डोळ्यांना दिसणारा नव्हता.

किल्ल्याच्या आत

किल्ल्याच्या तटाआड झालेले नुकसान याहून मोठे होते. छत्ता चौकातील छपराखालचा बाजार, नक्कारखाना, दिवाण-इ-आम, दिवाण-इ-खास, रंगमहाल व नदीकाठचे काही महाल राहिले. त्यांना जोडणाऱ्या कमानींच्या ओवऱ्या, दिल्ली दरवाजाकडे जाणारा किल्ल्यातील बाजाररस्ता, बागांचे मोठे भाग आणि दक्षिणेकडील जनानखान्याची जवळजवळ सगळी वस्ती पाडून तेथे सैनिकांच्या बराकी उभारल्या गेल्या. स्थापत्याचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांच्या मते हा जनानखाना युरोपातील कोणत्याही राजवाड्याहून मोठा होता. हे सर्व पाडण्यापूर्वी त्याचा साधा नकाशाही करून ठेवण्याची तसदी कोणी घेतली नाही, याबद्दल १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी तीव्र शब्दांत खेद नोंदविला.

बिआतो आणि टायटलर यांच्या चित्रांत दिवाण-इ-खास सुंदर दिसतो. पण आज तो जसा एकाकी उभा आहे, तसाच मुळात तो होता असा समज या चित्रांमुळे दृढ होतो. संगमरवरी दालने निवडली गेली, भोवतीच्या ओवऱ्या आणि राहती घरे वगळली गेली. पुढे पर्यटकांसाठी छापलेल्या चित्रांनी हीच निवड कायम ठेवली.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. छायाचित्रापूर्वीचे शहर अक्षत होते, असेही मानता येत नाही. याच दिवाण-इ-खासच्या छताचा चांदीचा पत्रा १७६० साली सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी काढविला होता. त्यापूर्वी १७३९ साली नादिरशहाने मयूरसिंहासन नेले होते. मराठी वाचकाला पानिपतच्या इतिहासातून परिचित असलेली ही घटना १८५८ च्या पाडकामाशी तुलना करण्याजोगी नाही. तेव्हा छताचा पत्रा गेला, येथे वस्त्याच गेल्या. तरीही छायाचित्रातील वास्तू आधीच कित्येक आघात सोसून आलेली होती, एवढे तीवरून लक्षात येते.

चांदणी चौक : पुनःपुन्हा बदललेले केंद्र

चांदणी चौकातील बदल वेगळ्या प्रकारचे होते. शहाजहानची कन्या जहानआरा हिने येथे सराई, बाग आणि अष्टकोनी हौद बांधविले. ती सराई पाहून फ्रेंच प्रवासी बर्निए याला पॅरिसमध्येही अशा वास्तू असाव्यात असे वाटले होते. १८५७ नंतर सराई पाडून तेथे नगरभवन उभे राहिले. हौदाच्या जागी घड्याळाचा मनोरा आला. चांदणी चौक व चावडी बाजार यांना जोडणारा नवा रस्ता काढला गेला. तो आज नई सडक म्हणून पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. १८६७ साली रेल्वे आली आणि तिच्या मार्गाने सलीमगड व शहराचा उत्तर भाग छेदला.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पोस्टकार्डांवर हाच घड्याळमनोरा चांदणी चौकाची ओळख म्हणून झळकतो. सराईचे छायाचित्र नाही, मनोऱ्याची मात्र असंख्य आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यास तोही कोसळला. आज ‘जुन्या दिल्ली’ची हळहळ करताना अनेकांच्या मनासमोर जे चित्र उभे राहते, ते मोगल शहर पुसून त्यावर उभारलेल्या शहराचे असते. ज्याचे छायाचित्र आहे तेवढेच हरवले, असे वाटू लागते. स्मृतीवर छायाचित्राचा हा परिणाम लक्षात घेणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

समारोप

डिसेंबर २००३ मध्ये सैन्याने लाल किल्ला पुरातत्त्व खात्याच्या स्वाधीन केला. २००७ साली तो जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाला. २०१९ साली त्यातील काही बराकींत संग्रहालये सुरू झाली. जनानखाना व बागा पाडून उभारलेल्या बराकी आता स्वतःच जतन करण्याजोग्या ऐतिहासिक वास्तू ठरल्या आहेत. शहराच्या इतिहासात असे थर चढत जातात आणि प्रत्येक थर आपल्याखालच्या थराची जागा घेतो. त्यामुळे केवळ एकाच थराला ‘मूळ’ म्हणणे कठीण होते.

तथापि एवढे निश्चित म्हणता येते की १८५८ च्या छायाचित्रांचे वाचन त्यांतील वास्तूंपुरते मर्यादित ठेवता येणार नाही. किल्ला आणि मशीद यांच्यामधील रिकामी जागा हीसुद्धा पुराव्याचाच भाग आहे. तिच्यावर नकाशातील रस्ते, चित्रकाराने रंगविलेली छपरे आणि पत्रांतील बाजारांची नावे पुन्हा मांडली, तर ती जागा वस्तीने भरलेली दिसू लागते. जुन्या छायाचित्राखाली वास्तूचे नाव आणि वर्ष लिहिण्याची प्रथा आहे. दिल्लीच्या या छायाचित्रांखाली त्याच वर्षी चौकटीच्या कडेला काय पाडले जात होते आणि तेथील माणसांना परतण्याची मुभा होती की नव्हती, हेही नोंदविले गेले पाहिजे.