मोडीचं लाकूड, घडीचा पलंग

इतिहासाच्या पुस्तकात सिंहासनांना फार जागा दिलेली असते. कोण कधी बसलं, कोणी कोणाला उठवलं, सगळं तारीखवार. पण ही माणसं रात्री झोपायची कशावर आणि सकाळी ते अंथरूण ठेवायची कुठं, या प्रश्नाला शाळेत कधी दोन मार्कही नव्हते. मी कॉमर्सचा पदवीधर आणि पेशानं बँकेतला कारकून. त्यामुळे इतिहासाकडे बघायची माझी दृष्टी जरा जमाखर्चाची आहे. जागा ही जमा, सामान हा खर्च, आणि ताळा जुळेनासा झाला की माणूस सुताराला बोलावतो.

घडीचं फर्निचर ही गरिबांची युक्ती, असं आपण समजतो. तसं काही नाही. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनची कबर सापडली, तिच्यातून चक्क तीन भागांत मिटणारा पलंग निघाला. बिजागऱ्यांसकट! आता ज्याच्या नावावर अख्खा इजिप्त, त्याला पलंग मिटून ठेवायची काय गरज? पण राजाचा पलंग मिटायचा तो प्रवासाला न्यायला. श्रीमंताची घडी प्रवासासाठी आणि तुमची-आमची मुक्कामासाठी, एवढाच काय तो फरक.

मुक्कामाच्या घडीचं पेटंट घेणाऱ्यांत एका बाईचं नाव आदरानं घ्यायला हवं. सॅरा गूड. शिकागोत तिचं फर्निचरचं दुकान होतं. गिऱ्हाइकं लहान लहान खोल्यांतून राहणारी; त्यांना पलंग आवडायचा, पण ठेवायचा कुठं? हिनं असा पलंग केला की मिटला की त्याचं लिहायचं टेबल व्हावं, वर कागद-लेखण्या ठेवायला कप्पे. १४ जुलै १८८५ ला तिला त्याचं पेटंट मिळालं. अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ती एक. (लिहायच्या टेबलाचा झोपण्यासाठी उपयोग करणारे काही सहकारी माझ्याही पाहण्यात आहेत. त्यांनी पेटंट घेतलेलं नाही, हा त्यांचा विनय.)

नाव मात्र झालं सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम मर्फीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. हा गृहस्थ राहायचा एका खोलीत आणि त्याचा जीव जडला एका गायिकेवर. सभ्य घरातल्या मुलीनं परपुरुषाच्या शेजघरात पाऊल टाकायचं नाही, असा तेव्हाचा तिकडचा दंडक. मर्फीनं पलंगच उचलून भिंतीत उभा केला. शेजघर नाहीसं, दिवाणखाना हजर! प्रेमकथेचा भाग आख्यायिका म्हणून सोडून द्या, पण धंदा खरा होता आणि पेटंटही खरं होतं. पुढे भिंतीत मिटणाऱ्या कुठल्याही पलंगाला लोक 'मर्फी बेड' म्हणू लागले. इतके, की १९८९ साली अमेरिकेतल्या कोर्टानं हे नाव आता कोणा एकाच्या मालकीचं राहिलेलं नाही असा निकाल दिला. आपल्याकडे नाही का, लोखंडी कपाट कोणीही केलेलं असो, ते 'गोदरेजचं'च असतं!

मर्फीच्या खोलीत निदान माणूस एकच होता. आमच्या मुंबईनं हे गणित उलट्या बाजूनं सोडवलं. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा बेत केला. पैसा उभारायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसवला. चाळी उभ्या राहिल्या २०७. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. एकेका चाळीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. वरळीच्या चाळींच्या जागी झालेल्या नव्या इमारतींत पहिल्या ५५६ कुटुंबांना घरं मिळाली ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे शंभर वर्षं, तीन-चार पिढ्या, त्या १६० फुटांत स्वयंपाक, अभ्यास, बारसं, बारावा-तेरावा आणि क्रिकेटची कॉमेंट्री हे सगळं करत होत्या.

ते कसं जमायचं? कॉटच्या पायांखाली विटा, विटांमुळे कॉटखाली ट्रंका, ट्रंकांमागे जळणाची फाटी. वर माळा. माळ्यावर पाहुणे. भिंतीला साखळीनं टांगलेली फळी. खाली सोडली की टेबल, वर लावली की कोनाडा झाकायचं झाकण. आणि गिरणगावातल्या गाळ्यांतून तर पाळीचा हिशेब असायचा. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा आडवा. पथारी तीच, उशी तीच. तिथं पलंगाची घडी कोणी करत नव्हतं. माणसंच स्वतःची घडी करत होती.

आता या साऱ्याला लाकूड कुठून यायचं? नवं सागवान आणायची ऐपत तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. ते यायचं मोडीतून. गोदीतून बाहेर पडणारी देवदारी खोकी, दारूखान्याला फोडलेल्या बोटींचं सामान, पाडलेल्या घरांच्या खिडक्या. हॉलंडच्या रिटफेल्ट नावाच्या मोठ्या आर्किटेक्टनं १९३४ साली खोक्यांच्या फळ्यांची खुर्ची केली आणि ती आज म्युझियममध्ये मांडलेली असते. आमच्या चाळीत तशा खुर्च्या मजल्यागणिक होत्या, फक्त त्यांच्यावर कोणीतरी बसलेलं असायचं. लंडनच्या लिबर्टी कंपनीनं तर १९२४ साली आपलं दुकान दोन जुन्या लढाऊ जहाजांच्या लाकडातून उभारलं. त्यातल्या एका जहाजाचं नाव होतं 'हिंदुस्थान'. तेव्हा मोडीच्या लाकडाला कमी लेखू नका.

शिवाय त्यात शास्त्र आहे. ओलं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि मिटणाऱ्या फर्निचरला हे अजिबात चालत नाही. दाराचं एक वेळ ठीक आहे, लाथ मारून लावता येतं. पलंग अर्धा मिटून अडला तर करायचं काय? जुन्या सागानं मात्र शंभर पावसाळ्यांत सगळे रुसवेफुगवे उरकून घेतलेले असतात. एकच पथ्य, आधी चुंबक फिरवून खिळे काढायचे. नाहीतर करवत जाते आणि मेस्त्रीही जातो.

आमची गिरगावातली चाळ पाडली तेव्हा हे सगळं ज्ञान उपयोगी पडलं. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालक दुरुस्ती करीना आणि भाडेकरू हलेना. या दोघांच्या हट्टात मधलं सागवान मात्र सुखरूप राहिलं. कंत्राटदारानं ते लाकडाच्या वखारीत विकलं आणि मी वखारीत जाऊन, ज्या दारातून चाळीस वर्षांपूर्वी बाळंतिणीबरोबर घरात आलो त्या दाराची फळी, रोख पैसे मोजून, घनफुटाच्या भावानं विकत घेतली. बरोबर जिन्याचा कठडाही घेतला. त्यावरून घसरण्याचे पैसे लहानपणी पडत नव्हते.

डोंबिवलीला आमच्या दोन खोल्या. मी, सौ., आई आणि दहावीतली मुलगी. मेस्त्रीनं टेप लावून बाहेरची खोली मापली आणि मर्फीचं नावही न ऐकता मर्फीचाच नकाशा काढला. "साहेब, आजींची कॉट भितीत उभी करू. सकाळी सातला वर, रात्री दहाला खाली. दिवसा ताईला अभ्यासाला टेबल, तुमाला हॉल मोकळा."

सौ.ला नकाशा पसंत पडला. मुलगी तर खूश होती. आईनं एवढंच विचारलं, "मग दुपारी मी पडायचं कुठं?"

मेस्त्री गप्प. मीही गप्प. मला चाळीतली कॉट आठवली. वडिलांच्या शेवटच्या आजारात ती दवाखाना होती, पण आल्यागेल्याची बैठकही तीच. कोणी भेटायला आलं की वडील भिंतीला धरून उठून बसायचे आणि पाय जवळ ओढून घ्यायचे. 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारायला आलेल्या माणसाला बसायला जागा हवी ना! पाहुणा तासभर बसायचा. वडीलही बसायचे. जगातल्या कुठल्याही पेटंटात ही तरतूद नाही. दिवसा पलंग नाहीसा करायचा तर त्यावरचा माणूस दिवसा धडधाकट असला पाहिजे.

"कॉट उभी करायची नाही," मी म्हटलं, "टेबल उभं करा."

मेस्त्रीनं पुन्हा टेप लावली. आता आईची कॉट भिंतीशी पक्की बसली आहे. कठड्याचे चार पाय, खाली दोन खण, त्यात पांघरुणं आणि सौ.चा दिवाळीचा सगळा सरंजाम. मिटतं ते टेबल. दाराची फळी बिजागऱ्यांवर भिंतीला बसवली आहे, संध्याकाळी खाली येते, अकराला वर जाते. हॉल काही मोकळा झाला नाही. पाहुणे आले तर खुर्चीवर बसतात, नाहीतर चटईवर.

टेबल मिटलं की फळीची पूर्वीची बाहेरची बाजू समोर येते. तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटमधला आमच्या खोलीचा नंबर अजून आहे, २३. मुलगी म्हणते, घासून काढा, कसंतरीच दिसतं. आई कॉटवरून म्हणते, "असू दे गं. पोस्टमन चुकतो."